भाषा एक, रीत निराळी
(लेखमाला : प्रांत आणि प्रवासी, भाग ७)

परप्रांतात निघालेला माणूस सावध असतो. चेन्नईला किंवा कोलकात्याला उतरताना त्याला ठाऊक असतं की इथली भाषा, जेवण, सणवार आपल्यासारखे नाहीत. म्हणून तो बघत, विचारत, अंदाज घेत वावरतो. तोच माणूस पुण्याहून लातूरला, कोल्हापूरहून नागपूरला किंवा रत्नागिरीहून जळगावला गेला, की ही सावधगिरी घरी ठेवून जातो. भाषा आपलीच, राज्य आपलंच, देवही तेच. मग विचारायचं काय? मागच्या भागात भाषा बदलली की प्रवाशाची होणारी तारांबळ आपण पाहिली. या भागात त्याच्या उलट बाजूकडे वळायचं आहे. भाषा तीच राहून जे बदलतं ते ओळखणं जास्त अवघड असतं, आणि माणसं एकमेकांना जास्त दुखावतात तीही तिथेच. परक्याचं वेगळेपण आपण त्याची रीत म्हणून मान्य करतो. आपल्या माणसाचं वेगळेपण मात्र आपल्याला चूक वाटतं.

बैलांचा सण घ्या. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, म्हणजे जोखडाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. दुसऱ्या दिवशी सजवलेल्या जोड्या गावात तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात आणि मग पोळा ‘फुटतो’. नागपूर भागात त्याच्याही दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो; लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. कोल्हापूर-सांगलीकडे मात्र याच सणाला बेंदूर म्हणतात. तो आषाढात पौर्णिमेच्या सुमारास येतो आणि तिथे ‘कर तोडतात’, म्हणजे वाटेवर बांधलेलं तोरण बैल पळवून तोडतात. सीमाभागात कर्नाटकी बेंदूर पाळणारी गावं आहेत. त्यांचा सण ज्येष्ठ पौर्णिमेलाच होऊन गेलेला असतो. आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत बैल सजतात ते थेट भाद्रपद अमावास्येला. एका राज्यात, एका भाषेत, एकाच जनावराच्या कृतज्ञतेचे हे चार दिवस. यातला खरा कोणता, असा प्रश्नच चुकीचा आहे. पाऊस कधी सुरू होतो, पेरणी-कोळपणी कधी उरकते, बैलाचा खांदा कधी मोकळा होतो, शेजारी कोणती भाषा बोलतात, यावर सणाचा दिवस ठरत आला असावा, असं मानायला पुष्कळ जागा आहे. श्रावणात कोल्हापूरला गेलेल्या विदर्भातल्या पाहुण्याला ‘इथे पोळा नाहीच’ असं वाटेल. सण तिथेही झालेला असतो, दीड महिना आधी.

गौरींचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे दिवस सगळीकडे एकच असतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पण घरात येते ती गौर प्रत्येक भागात वेगळी. कोकणात ती तेरड्याच्या रोपांच्या रूपात येते. कोकणस्थांच्या घरी पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची असते. देशावर मुखवटे लावून, साड्या नेसवून दोघी उभ्या करतात. मराठवाड्यात आणि विदर्भात त्यांना गौरी म्हणत नाहीत, ‘महालक्ष्म्या’ म्हणतात, आणि त्यांच्यासाठी पुरण, आंबील, सोळा भाज्या असा घाट घातला जातो. कोकणातल्या अनेक घरांत मात्र माहेरवाशीण गौरीला मांसाचा किंवा मासळीचा नैवेद्य दाखवतात. पुरणावरणाच्या घरातून आलेल्या पाहुण्याला हे पाहून धक्का बसतो, आणि तो बोलून बसतो. यजमानांच्या दृष्टीने हिशेब सरळ असतो: लेक वर्षाने माहेरी आली आहे, तर तिला घरातलं सगळ्यांत आवडीचं जेवण वाढायचं. सोळा भाज्यांमागेही हीच माया आहे. वाढलेल्या पानाकडे बघून जो श्रद्धा मोजायला जातो, त्याला दोन्ही घरांत सारखी असलेली ही माया दिसत नाही.

बोलण्यातही हेच होतं, आणि तिथे दुखावणं रोजचं असतं. पुण्यात गव्हाची रोजची ती पोळी. कोल्हापुरात रोजची ती चपाती, आणि ‘पोळी’ म्हटलं की पुरणाचीच समजतात. खानदेशात तीच पुरणाची पोळी पालथ्या खापरावर भाजतात आणि तिला मांडा म्हणतात. कोल्हापूरकडची बाई ‘मी येतो’ म्हणते, मराठवाड्यात ‘काय करायलास?’ असं विचारतात, नागपुरात ‘येऊन राहिलो’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकातली मराठी हीच मराठी, असं धरून चालणाऱ्याला ही तिन्ही रूपं अशुद्ध वाटतात. पण त्यातलं एकही रूप बोलणाऱ्याची चूक नाही. प्रत्येकाला आपापल्या भागात नियम आहे, आणि तो मोडला तर तिथलं लहान मूलही दुरुस्ती करील. अशा बोलण्याला हसणारा प्रवासी समोरच्याच्या आईच्या, आजीच्या बोलण्याला हसत असतो. हे त्याला कळत नाही, समोरच्याला मात्र लगेच कळतं.

हे वेगळेपण आलं कुठून? पहिलं उत्तर पाण्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. एका जिल्ह्यात दहापट फरक असेल, तर ताटातली भाकरी, घराचं छप्पर आणि पाहुण्यापुढे ठेवायच्या पाण्याच्या तांब्याचं मोल एकसारखं कसं राहील? दुसरं उत्तर राजवटीत आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला राज्यकारभार उर्दूतून चाले. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि कचेरीत-बाजारात हिंदीशी रोजचा संबंध होता. कोकणात खोती, म्हणजे खोतांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, होती. ती रद्द करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, आणि कायदा झाला तो १९४९ साली. पूर्व विदर्भात मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत होती. भंडारा-गोंदियाच्या भातशेतीला पाणी देणाऱ्या जुन्या तलावांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यातला ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’. एका शब्दात जमीनदारीचा अख्खा इतिहास सामावला आहे. हे सगळे प्रदेश १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले, आणि त्यांचं महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. शेकडो वर्षांच्या सवयी त्या दिवशी एका रात्रीत एक होणार नव्हत्या.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, खरा फरक प्रदेशाचा नसून जातीचा आहे. खड्यांच्या गौरी कोकणातल्या सगळ्यांच्या नाहीत, आणि एकाच गावात दोन आळ्यांच्या रिती दोन असतात. हा आक्षेप बराचसा खरा आहे आणि तो विसरून प्रदेशाबद्दल बोलणं म्हणजे गावातल्या अर्ध्या घरांना वगळणं आहे. पण जात प्रदेशापासून सुटी नसते. कोकणस्थ आणि देशस्थ ही नावंच जमिनीवरून पडलेली आहेत. एकच जात घाटावर आणि घाटाखाली वेगळं खाते, वेगळं बोलते. म्हणून ‘विदर्भातली माणसं अशी’ किंवा ‘कोकणातली तशी’ असं सरसकट विधान करायला इथे जागा नाही. स्वभावाची लेबलं लावणं सोपं असतं, कारण त्यासाठी काही शिकावं लागत नाही. रीत समजून घ्यायची तर या घराची, या आळीची, या तालुक्याची माहिती घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं आता पुसलं जात आहे. दूरचित्रवाणी, महामार्ग आणि नोकरीसाठीची ये-जा यांनी महाराष्ट्र एकसारखा केला आहे. वरवर तसं दिसतं खरं. हॉटेलातली पदार्थांची यादी सगळीकडे सारखी झाली, ट्रॅक्टर आल्याने अनेक गोठ्यांत बैलच उरले नाहीत. पण बैल नसलेल्या घरातही त्या दिवशी मातीचे बैल पुजले जातात, आणि ते आपापल्या भागाच्याच तिथीला. रस्त्यावरचं जीवन सारखं होतं तेव्हा वेगळेपण घरात, सणात, सोयरिकीत जाऊन बसतं. घाईतल्या प्रवाशाला ते दिसत नाही, एवढ्यावरून ते संपलं असं होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. फरकांवर इतका भर दिला तर जो महाराष्ट्र मोठ्या लढ्याने एक झाला, त्यात फट पडेल, ही भीती प्रामाणिक आहे. पण या राज्याचा पायाच फरक मान्य करून घातलेला आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याच्या वेगळ्या गरजा नोंदवल्या गेल्या, आणि त्याला धरूनच विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. ज्यांनी राज्य जोडलं त्यांना माहीत होतं की वेगळेपण नाकारलं तर तक्रार वाढते, आणि मान्य केलं तर विश्वास वाढतो. फट पडते ती कुणी आपल्या रितीला ‘मराठी रीत’ आणि दुसऱ्याच्या रितीला ‘तिकडचं काहीतरी’ म्हणतो तेव्हा.

मराठीत यासाठी एक साधा शब्द तयार आहे: ‘आमच्याकडे’. आमच्याकडे असं करतात, आमच्याकडे असं म्हणतात. या शब्दात अभिमान आहे, पण हक्क फक्त आपल्या घरापुरता आहे. दुसऱ्याचं ‘तुमच्याकडे’ त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रवासात आपण पहिला शब्द भरपूर वापरतो, दुसरा विसरतो. म्हणून पुढच्या वेळी आपल्याच राज्यातल्या अनोळखी गावी पानावर बसाल तेव्हा ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य ओठावर येण्याआधी एकदा विचारा: ‘तुमच्याकडे हे कसं करतात?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.