कोपर मोडलं तर प्लास्टर की ऑपरेशन? तार, प्लेट आणि कृत्रिम सांध्याची सोपी माहिती

नागपूर : काटोल-नरखेड पट्ट्यात संत्रा तोडताना शिडीवरून पडणं, पावसाळ्यात धुऱ्यावर पाय घसरणं, गिट्टीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरणं. पडताना माणूस हात टेकवतो आणि सगळा भार कोपरावर येतो. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसलं की घरात एकच प्रश्न निघतो, प्लास्टरनं भागते का, की ऑपरेशनच करावं लागते?

हाड तर प्लास्टरमध्येही जुळू शकते. कोपराची खरी अडचण वेगळी आहे. मोठ्या माणसाचं कोपर तीन आठवड्यांपेक्षा जास्त बांधून ठेवलं तर ते आखडते, आणि एकदा आखडलं की पूर्ववत होणं कठीण. कोपर साधारण ३० ते १३० अंशांपर्यंत हललं तर रोजची बहुतेक कामं होतात. त्यापेक्षा कमी वाकलं तर भाकरीचा घास तोंडापर्यंत जात नाही, शर्टाची वरची गुंडी लागत नाही, दूध काढणं दूरच राहिलं. म्हणून डॉक्टर ऑपरेशन सुचवतात ते मुख्यतः यासाठी, की तुकडे पक्के बसावेत आणि हात लवकर हलवता यावा. (लहान पोरांच्या कोपराचं गणित वेगळं असते, ते इथे लावू नये.)

कोपरात तीन हाडं भेटतात. वरून दंडाचं एक, खालून मनगटाकडे जाणारी दोन. कोणतं मोडलं आणि तुकडे किती सरकले, यावर इलाज ठरतो.

टेबलावर कोपर टेकवल्यावर जे टोक लागते ते मोडणं नेहमीचं. दंडाच्या मागचा स्नायू या टोकाला ओढून धरतो, त्यामुळे मोडल्यावर तुकडा वर सरकतो आणि माणसाला हात स्वतःच्या ताकदीनं सरळ करता येत नाही. इथे दोन सळ्या टाकून इंग्रजी आठच्या आकारात तार आवळतात. चुरा जास्त असेल तर प्लेट बसवतात. या जागी कातडीखाली मांस नसल्यासारखंच असते, म्हणून तार पुढे टोचू शकते आणि हाड जुळल्यावर ती काढावी लागू शकते. त्याचा अर्थ ऑपरेशन बिघडलं असा नाही. फार म्हाताऱ्या, हातानं जड काम न करणाऱ्या माणसात तुकडा सरकलेला असूनही डॉक्टर कधी कधी ऑपरेशन टाळतात, आणि हात बऱ्यापैकी चालतो.

अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं वरचं गोल डोकं मोडलं आणि तुकडा जागेवरच असेल, तर झोळी आणि काही दिवसांत हालचाल, एवढ्यावर भागते. तुकडा सरकला असेल तर बारीक स्क्रू किंवा छोटी प्लेट. अगदी चुरा झाला तर ते डोकं काढून धातूचं बसवतात.

सर्वात किचकट म्हणजे दंडाचं हाड खालच्या टोकाला, सांध्यातच फुटणं. इथे बहुधा दोन्ही बाजूंनी दोन प्लेट लागतात. कधी आत नीट पोहोचायला डॉक्टरांना कोपराचं टोक मुद्दाम कापून नंतर परत जोडावं लागते. वय जास्त, हाडं ठिसूळ आणि तुकडे जोडण्यासारखे नसतील तर पूर्ण कृत्रिम सांधा बसवतात. मात्र त्या हातानं पुढे जन्मभर दोन-अडीच किलोच्या वर उचलायचं नसते. राबत्या शेतकऱ्याला म्हणूनच तो सहसा सुचवत नाहीत.

गावात सगळ्यालाच ‘रॉड टाकला’ म्हणतात, पण कोपरात काम असते ते बहुतेक तार, प्लेट आणि स्क्रूचं. कागदावर काय लिहिलं आहे ते विचारून घ्यावं.

ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन आठवड्यांत व्हायला हवं. उशीर झाला की तुकडे चुकीच्या जागी जुळू लागतात आणि काम अवघड होते. हाडवैद्याकडून बांधून, रोज तेल चोळून घेण्यात हाच वेळ जातो. शिवाय ताज्या मोडीवर मालिश केली किंवा कोपर जोरानं ओढलं तर सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊन कोपर कायमचं जाम होण्याचा धोका असतो. ऑपरेशननंतरही मालिश नकोच. व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा, स्वतःच्या ताकदीनं करायचा. वजन उचलायला साधारण तीन महिने तरी थांबावं लागते. विडी आणि खर्रा या काळात बंद ठेवावा, तंबाखूनं हाड जुळायला उशीर लागतो.

पडल्या-पडल्या काय करावं? हात ओढून सरळ करू नये. आहे त्या स्थितीत पुठ्ठा आणि दुपट्ट्यानं बांधावा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्या. हाड बाहेर दिसत असेल, बोटं थंड किंवा पांढरी पडत असतील, दुखणं वाढतच असेल तर १०८ ला फोन करून थेट मोठा दवाखाना गाठावा. करंगळीला मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण तिकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूनेच जाते.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी ठिकाणं आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे, पण प्रत्येक ऑपरेशन आणि प्रत्येक खासगी दवाखाना त्यात बसतो असं नाही. रेशनकार्ड, आधार आणि एक्स-रे घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावं, आणि मंजुरी आली का हे ऑपरेशनच्या आधीच विचारावं.