एक हात, तीन कामं

कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात आधी बजेट विचारतात, मग मेगापिक्सेल सांगतात. हाताची चौकशी कुणी करत नाही. दोन धडधाकट हात गृहीत धरलेले असतात. श्रीरामपूरसारख्या ऊस आणि दुधाच्या पट्ट्यात तरी हे गृहीत धरू नये. इथे गोठ्यागोठ्यात कडबाकुट्टी आहे, आणि वैरण सारता सारता बोटं आत जाणं म्हणजे काय, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मळणी यंत्रांनी तर देशभर इतके हात नेले की 1983 साली संसदेला त्यासाठी धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा करावा लागला. त्यात अर्धांगवायू, संधिवात, कंपवात आणि बरा झालेला पण बोटं आखडवून गेलेला कुष्ठरोग यांची भर घाला. यातल्या कुणाला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील, कुणाला गोदाकाठचे पक्षी टिपायचे असतील. त्यांना सहसा ‘हलका कॅमेरा घ्या’ एवढाच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे, आणि काही हातांसाठी चक्क चुकीचा आहे.

फोटो काढताना हात तीन वेगळी कामं करतात: वजन पेलतात, नेम धरतात आणि बटण दाबतात. दोन हात असले की ही कामं एकमेकांत इतकी मिसळून जातात की ती वेगळी आहेत हे जाणवतच नाही. लग्नांत नेहमी दिसणाऱ्या कॅननच्या 5डी मार्क 4 चं वजन बॅटरीसह 890 ग्रॅम. त्याला 805 ग्रॅमची 24-70 लेन्स लावली की जवळपास पावणेदोन किलोचा ऐवज होतो, आणि त्यातला बराचसा भार उजव्या मुठीच्या पुढे लटकतो. तो पुढे झुकू नये म्हणून डावा हात लेन्सखाली असतो. डावा हात नसेल तर तोच पीळ उजव्या मनगटावर येतो, आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. उजवा हात गेलेल्याची अडचण आणखी वेगळी, कारण बटणच उजवीकडे असतं. जर्मनीच्या ड्रेस्डेनमध्ये 1936 साली निघालेल्या किने एक्झाक्टा कॅमेऱ्याचं बटण डावीकडे होतं. ती चाल पुढे रूढ झाली नाही. कॅमेरा उलटा धरून डाव्या अंगठ्याने बटण दाबणारे लोक आहेत आणि फोटो नंतर संगणकावर सरळही करता येतो, पण वर बसवलेला फ्लॅश मग खाली जातो आणि सावल्या वर चढतात.

कामं वेगळी काढली की काय होतं, याचा दाखला प्रागच्या योसेफ सुदेकचा. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. त्यानंतर त्याने अनेक दशकं लाकडी, अवजड कॅमेऱ्यांवर काम केलं. ओझं तिपाईवर होतं, त्यामुळे उरलेला हात नेमाला आणि शटरला मोकळा राहिला. म्हणजे एका हाताच्या माणसाला जड कॅमेरा चालला, कारण तो त्याला पेलावा लागत नव्हता. उलट, हलक्याच्या नादात घेतलेला चिमुकला कॅमेरा आखडलेल्या बोटांना नकोसा होतो. त्याची पकड निमुळती, बटणं मुगाच्या दाण्याएवढी. मूठ पूर्ण मिटत नसेल तर जाड पकडच बरी. कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या हाताला तर आणखी एक धोका असतो. वेल्लोरचे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की अशा हातांची बोटं आपोआप झडत नाहीत. न जाणवलेल्या दाबाने आणि जखमांनी ती जातात. असा हात कॅमेरा गरजेपेक्षा घट्ट आवळतो आणि बारीक पट्टा कातडीत रुतला तरी त्याला कळत नाही. त्याला रुंद, मऊ पट्टा हवा आणि फोकस लागल्याचं सांगणारा ‘बीप’ चालू हवा, कारण अर्धवट दाबलेलं बटण त्याला जाणवणारच नाही.

म्हणून माझ्या मते, अशा ग्राहकाने सेन्सरच्या आधी कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण उघडून पाहावं. तिथे रिमोटचं भोक आहे का? कॅननच्या बऱ्याच साध्या मॉडेलांत ते अडीच मिलिमीटरचं असतं. त्यात जाणाऱ्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यांमुळे धातूचे तीन भाग पडतात. मधला भाग बुडाच्या भागाला जोडला गेला की फोकस लागतो, टोक बुडाला जोडलं की शटर उडतं. बटण म्हणून आपण दाबतो ते यापेक्षा फार वेगळं काही करत नाही. म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकवणारं काहीही शटर होऊ शकतं: पायाखालचा स्विच, कोपराने दाबायची चकती, गालाजवळचं बटण. (शिलाई मशीनच्या मोटरचा पेडल मात्र वापरू नका, तो वीज कमी-जास्त करणारा असतो आणि घरगुती विजेवर चालतो.) 5डीसारख्या महागड्या मॉडेलांचं भोक वेगळ्या आकाराचं असतं, त्याची तार वेगळी घ्यावी लागते. कॅननच्याच 1500डी आणि 200डी मार्क 2 या दोन्ही कॅमेऱ्यांत अडीच मिलिमीटरचंच भोक आहे. पण 200डी मार्क 2 चा पडदा वळतो आणि स्पर्शाने चालतो. 1500डीचा जागेवर घट्ट आणि स्पर्शाला बधिर. दोन हातांच्या ग्राहकाला हा फरक चैनीचा वाटेल. ज्याला कॅमेरा डोळ्यापर्यंत उचलता येत नाही, त्याच्यासाठी निवड तिथेच संपते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. फोन हलका असतो, आवाजाच्या बटणाने फोटो काढतो, कित्येक फोन तळवा दाखवला किंवा तोंडाने सांगितलं तरी काढतात. घरगुती फोटोंना तो पुरे. पण हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत किंवा वरातीच्या डीजेसमोर तोंडी हुकूम कुणाला ऐकू जाणार? गुळगुळीत काचेची पाटी कमजोर बोटांतून निसटते ती वेगळीच. शिवाय कमी उजेडात, लांबून, पटापट फोटो हवे असले की मोठा सेन्सर आणि लांब लेन्स लागतेच. झूमची कडी फिरवायला दुसरा हात नसेल तर साधी 50 मिलिमीटरची लेन्स लावून चार पावलं मागेपुढे होणं सोपं. ती अवघी 160 ग्रॅमची असते.

दुसरा आक्षेप तिपाईचा. कॅमेरा खिळवला की उत्स्फूर्तपणा जातो म्हणतात. पण ओझं उतरवायला तिपाईच लागते असं नाही. एकपायी मोनोपॉड कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत टेकवला की वजन कंबर घेते आणि माणूस फिरायला मोकळा राहतो. चाकाच्या खुर्चीच्या दांड्याला पकड बसवता येते. कॅमेरा हलण्याचा प्रश्न बराचसा लेन्समधली काच किंवा सेन्सर सरकवणाऱ्या स्थिरीकरणाने सुटतो, पण त्याची मर्यादाही ओळखावी. निरोगी हाताची थरथर सेकंदाला 8 ते 12 वेळा होते आणि बारीक असते. कंपवाताची 4 ते 6 वेळाच होते, पण झोका मोठा असतो. लेन्समधल्या काचेला किंवा सेन्सरला सरकायला जागा असते मोजकी, तिच्यापलीकडचा झोका उरतोच. तिथे शटरचा वेग 1/500 सेकंदावर नेऊन आयएसओ वाढवावा. चित्रात थोडे दाणे दिसतील, पण चेहरा फाटणार नाही. समोरची वस्तू स्थिर असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसका फोटोत उतरत नाही.

खुर्चीच्या दांड्याला कॅमेरा बसवायची पकड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येते, फक्त बोल्ट नीट बघून घ्यावा. कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू पाव इंच व्यासाचा आणि इंचाला 20 आट्यांचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज हाती येतो तो 6 मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट. त्याची जाडी डोळ्याला जवळपास तेवढीच दिसते, पण आटे बारीक असतात, इंचाला 25 च्या वर. तो दोन फेरे बसतो, मग अडतो, आणि पान्याने रेटला तर बिघडतात ते कॅमेऱ्याचे आटे.