कॉलेजच्या पोरांचा गाव प्रकल्प : मार्कापुरता की शिकण्यासाठी?

किनवट : कॉलेजची पोरं वही-पेन घेऊन गावात येतात. घरात माणसं किती, जमीन किती, संडास आहे का, असं विचारतात. सरपंचासोबत फोटो काढतात अन् निघून जातात. तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांना हे नवं नाही. नवं एवढंच, की आता या कामाला मार्क आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्य शासनाने २०२३ मध्ये पदवीचा नवा आराखडा ठरवला. त्यात दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प, असे प्रत्येकी दोन क्रेडिटचे विषय आले. एका क्रेडिटला प्रत्यक्ष कामाचे साधारण ३० तास धरले, तर एका प्रकल्पाचे ६० तास होतात. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एनएसएस यापेक्षा वेगळी. तिथे वर्षाला १२० तास अन् सात दिवसांचं शिबिर असतं. रस्ता झाडला, बंधारा घातला, झाडं लावली, काम झालं. विद्यार्थी रसायनशास्त्राचा की इतिहासाचा, यानं तिथे फरक पडत नाही. नव्या प्रकल्पात मात्र फरक पडायलाच पाहिजे. गावातलं काम आपल्या विषयाशी जोडलं नाही, तर ते नुसतं फॉर्म भरणं होतं.

पाण्याचंच घ्या. किनवट भागात कुठे काळा बेसाल्ट, तर कुठे जुना ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांतून फ्लोराईड पाण्यात उतरतं, म्हणून खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडू शकतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं; दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यापुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं-सांधे धरतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. हे गावात किती जणांना ठाऊक आहे?

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे खरं काम आहे. गावातल्या प्रत्येक हापशाचा अन् बोअरचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा. फ्लोराईड काचेशी रिअ‍ॅक्शन करतं, म्हणून काचेची बाटली नको. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, वर जागा अन् तारीख लिहायची. लॅबमध्ये तपासायचं, पावसाळ्याआधी एकदा अन् नंतर एकदा. पुस्तकात पाठ केलेलं ‘पीपीएम’ मग आपल्या गल्लीतल्या हापशाचं होतं. आकडा जास्त आला तर तो शेवटचा समजू नये, सरकारी प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

असंच अर्थशास्त्राच्या पोरांनी दहा घरांचा कापसाचा हिशोब मांडावा : बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, हातात आलेला भाव अन् हमीभाव यांतला फरक. भाषेच्या विद्यार्थ्यांना तर इथे खाणच आहे. गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू, मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारं कोलाम पोरगं गावात गेल्यावर सगळ्या गटाचं दुभाषी होतं. मास्तरलाही त्याच्याकडूनच समजून घ्यावं लागतं. पुस्तकातून हे होत नाही.

अडचण वेळेची आहे. चौथं सेमिस्टर हिवाळ्यात सुरू होतं. तेव्हा कापूस वेचणी, तूर काढणी. मार्च-एप्रिलला पहाटेच मोहाची फुलं वेचायला माणसं रानात, काही घरं कामासाठी बाहेरगावी. सकाळी अकराला गेलं तर म्हातारी माणसं अन् कुत्रीच भेटणार. दिवेलागणीला जावं लागतं, अन् तेव्हा परतीची एसटी नसते. वेळापत्रक ठरवताना कॉलेजनं हे आधी बघावं.

विद्यार्थ्यांचं काम सरकारी योजनेपर्यंत नेता येतं, याचं उदाहरण राज्यात आहे. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी ठाणे-रायगडच्या आदिवासी पट्ट्यात टँकरवरची गावं अन् नळयोजनांचा अभ्यास अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला. पुढे त्याच धर्तीवर राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियान आलं. केंद्राच्या उन्नत भारत अभियानातही कॉलेजांनी गावं निवडून काम करायचं असतं. किनवटला आयआयटी नाही, पण महाविद्यालयं आहेत, प्रकल्प कार्यालय आहे, नांदेडच्या विद्यापीठाचं आदिवासी संशोधन केंद्रही आहे.

विषय कॉलेजच्या खोलीत ठरवण्यापेक्षा ग्रामसभेला विचारून ठरवावा. पेसा क्षेत्रातल्या गावांनी तर तो मागूनच घ्यावा. काम संपल्यावर दोन पानांचा मराठी अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायचा, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची, अन् त्यालाच मार्क द्यायचे. पुढच्या वर्षीच्या पोरांनी तीच प्रत हातात घेऊन निघावं. हापसा तोच, नोंद नवी.