गळकी होडी
सोलापूर म्हटले की चादर आठवते. होडी कुणाच्या ध्यानीमनीही नसते! पण १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले अन् आमच्या जिल्ह्यात मासेमारी फोफावली. गळती कशी धरावी, हे तिथल्या एका वृद्ध भोयाने मला दाखविले. उन्हाने आकसलेली लाकडी होडी आधी उथळ पाण्यात ठेवायची. फळ्या फुगतात, बारीक फटी मिटतात. उरते ती खरी गळती. मग होडी काठावर टेकूंवर चढवून, बाहेरून पुसून, आत पाणी ओतायचे. थेंब डोकावेल तिथे खडूची खूण! वाळल्यावर जुने डांबर खरवडून सांध्यात सुताचा पीळ ठासायचा. वर कढत डांबर.
"जाळं फाटलं तर मासा जातो," म्हातारा म्हणाला, "सांधा सुटला तर माणूस!"