पाण्याचाही आकडा लिहून ठेवा

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या बहुतेकांना आपली उपाशीपोटीची साखर तोंडपाठ असते. काही जण वही आणतात, तरुण मुले आई-वडिलांच्या नोंदी मोबाइलवर दाखवतात. रक्तदाबाचेही तसेच. पण "घरात रोज पाणी किती लागते?" असे विचारले, की उत्तर लिटरमध्ये येत नाही. "दोन पिंपं", "तासभर मोटर चालते", "टाकी भरली की पुरते" अशी उत्तरे येतात. वीज किती युनिट जळली हे आपण बिलावर वाचतो, गॅस सिलिंडर किती दिवस चालला हे गृहिणीला माहीत असते. पाण्याचा आकडा मात्र कोणाच्याच डोक्यात नसतो.

संत तुकाराम नगरमधल्या एका डॉक्टरने हे का विचारावे? कारण पाणी घरात कसे येते, किती साठते आणि किती फेकले जाते, याचा माझ्या वॉर्डातल्या खाटांशी थेट संबंध आहे.

पिंपरी-चिंचवडचे पाणी मुख्यतः मावळातल्या पवना धरणातून येते. धरणातून ते नदीपात्रात सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग ते आपल्या नळाला येते. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते वाकड, मोशी, चऱ्होलीकडे फेरफटका मारला की दिसते. २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. पाण्याचा प्रश्न फक्त नळाच्या या टोकाचाही नाही. पवना धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. आपल्या बादलीत येणाऱ्या पाण्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, हे शहरात राहून सहज विसरायला होते.

दिवसाआड पाणी आले, की माणूस साठवणारच. त्यात त्याचा दोष नाही. प्रश्न आहे तो साठवण किती आणि कशी, याचा. दोन दिवसांना तीनशे-चारशे लिटर पुरणाऱ्या घरात आठशे लिटर भरून ठेवलेले असते, कारण गरजेचा आकडाच माहीत नसतो. 'उद्या नाहीच आले तर' ही भीती मापात नसते. मग पाण्याच्या दिवशी सकाळी उरलेले पाणी मोरीत ओतले जाते, कारण ते 'शिळे' झाले. वास्तविक क्लोरिन घातलेले, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी दोन दिवसांत शिळे होत नाही. त्यातला क्लोरिन कमी होतो हे खरे. म्हणून पिण्याचे पाणी वेगळे, झाकलेले आणि ओगराळ्याने काढायचे. त्यात हात बुडवायचा नाही. पण वापराचे पाणी ओतून पुन्हा तेच भांडे भरणे म्हणजे धरणापासून निगडीपर्यंतची सगळी मेहनत गटारात सोडणे.

ज्या पिंपाचे पाणी ओतले जात नाही, त्याची गोष्ट आणखी वाईट. डेंगीचा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भिंत घासावी लागते. पावसाळ्यात ताप आणि कमी झालेल्या प्लेटलेट घेऊन दाखल होणाऱ्यांच्या घरी, बाल्कनीच्या कोपऱ्यात 'असू दे' म्हणून भरून ठेवलेले एक तरी पिंप अनेकदा असते. गरजेपेक्षा जास्तीचे ते पिंपच डासाला सोयीचे, कारण त्याला कोणी हात लावत नाही.

म्हणून आकडा हवा. तो काढण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तुमच्या नळजोडावर मीटर असेल तर त्यावरचे काळे अंक हजार लिटरचे, म्हणजे घनमीटरचे असतात आणि लाल अंक त्याच्या खालचे. सोमवारी सकाळी ४८२.३१० दिसले आणि पुढच्या सोमवारी ४८६.७९०, तर आठवड्यात ४,४८० लिटर गेले. घरात चार माणसे असतील तर २८ ने भागा : माणशी रोज १६० लिटर. मोबाइलमधल्या कोणत्याही तक्ता करण्याच्या ॲपमध्ये तारीख, वाचन आणि माणसांची संख्या असे तीन रकाने केले, की भागाकार ते आपोआप करते आणि आलेखही काढून देते. घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाकडे हे काम द्या. तो ते आवडीने करतो असा माझ्या शेजारपाजारचा अनुभव आहे.

आपल्याकडे यात एक मेख आहे. ज्या शहरांत चोवीस तास पाणी असते तिथली ॲप रोजचा आकडा मागतात. दिवसाआड पुरवठ्यात मीटर फक्त पाणी येते तेव्हाच फिरते. तो वापराचा आकडा नसून भरण्याचा असतो. रोज नोंद केली तर एक दिवस डोंगर आणि एक दिवस शून्य दिसेल. म्हणून दोन आठवड्यांत ठरावीक वारी, टाकी सारख्याच पातळीला असताना वाचन घ्यावे. शिवाय रिकाम्या नळातून पाण्याआधी हवा येते आणि ती मीटरही थोडे फिरवते. एका दिवसाच्या आकड्यावरून घरात भांडण करू नये.

आकडा आला, पण तो चांगला की वाईट? मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी आपल्याकडचा सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. आरोग्यासाठीच्या मूलभूत गरजा भागवायला ५० ते १०० लिटर लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला देऊन संयुक्त राष्ट्रे सांगतात. १६० असाल तर घाबरण्याचे कारण नाही, पण शोधायला जागा आहे. बादलीची आंघोळ वीस लिटरमध्ये होते, दहा मिनिटांच्या शॉवरला ऐंशी ते शंभर लागतात. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओतते, दोन बटणांची नवी टाकी तीन किंवा सहा.

आणि गळती. सलाइनच्या नेहमीच्या नळीत वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, हे आमच्या परिचारिका झोपेतही सांगतील. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर. नळाचा थेंब त्याहून मोठा असतो, त्यामुळे तोटी त्याच्या कितीतरी पट घालवते. पण तोटीचा थेंब दिसतो, ऐकू येतो. फ्लशच्या टाकीतून आत झिरपणारे पाणी ना दिसते ना ऐकू येते, आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकते. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर झडप बदला.

सोसायटीत हेच काम टाकीच्या पातळीवरून होते. रात्री एक ते पहाटे पाच या वेळात वापर जवळपास नसतो. वरच्या टाकीचा तळ दहा बाय दहा फुटांचा असेल, तर एक इंच पातळी उतरणे म्हणजे सुमारे २३६ लिटर. टाकीच्या झाकणाखाली बसवायचे पातळी मोजणारे संवेदक आता मिळतात. ते मोबाइलवर आलेख पाठवतात. रात्रीची रेषा आडवी असायला हवी. ती उतरत असेल तर इमारतीत कुठेतरी गळते आहे, मग सभेत कोणी काहीही म्हणो. मला स्वतःला घराघरांतल्या मीटरपेक्षा हा उपाय आधी करावासा वाटतो. कारण आपल्या फ्लॅटमध्ये पाणी एका नळीने येत नाही : स्वयंपाकघराची नळी वेगळी, प्रत्येक न्हाणीघराची वेगळी, फ्लशची वेगळी. एका घराला तीन-चार मीटर लागतात आणि संत तुकाराम नगरच्या जुन्या इमारतींत भिंत फोडल्याशिवाय ते बसवणे कठीण. नव्या संकुलांनी मात्र बांधतानाच ती सोय मागून घ्यावी.

नुसता आकडा दाखवून वापर कमी होतो का? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॉब काउंटी येथे २००७ मध्ये लाखभर घरांवर एक प्रयोग झाला. काही घरांना फक्त बचतीच्या सूचना पाठवल्या, तर काहींना 'तुमचा वापर आणि तुमच्या भागातल्या इतरांचा वापर' असे पत्र. नुसत्या सूचनांचा परिणाम एक टक्क्याच्याही आत राहिला. तुलना कळलेल्यांचा वापर जवळपास पाच टक्क्यांनी घटला, आणि पुढे तो परिणामही ओसरत गेला. औषधाबाबत असे निष्कर्ष आले असते तर आम्ही म्हटले असते : गुण आहे, पण माफक, आणि गोळी चालू ठेवावी लागेल. दक्षिण आफ्रिकेच्या केप टाउनमध्ये दुष्काळात, २०१८च्या जानेवारीत, महापालिकेने नकाशाच प्रसिद्ध केला. कमी पाणी वापरणाऱ्या घरांवर हिरवा ठिपका. १ फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा आली. २०१५च्या सुरुवातीला दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर असलेला शहराचा वापर २०१८ मध्ये ५० कोटींच्या आसपास आला. हे अर्थातच ठिपक्यांचे एकट्याचे श्रेय नाही. वाढीव दर, कमी केलेला दाब आणि नळ कोरडे पडण्याची भीती यांचा वाटा मोठा.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. कराडला लागून असलेल्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना राबवली : जाळ्याची आखणी संगणकावर, दुरून वाचता येणारे मीटर आणि जास्त वापराला चढता दर. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, हा समज तिथे टिकला नाही. नळ केव्हाही येणार हे ठाऊक असले की पिंपे भरायची गरज राहत नाही आणि ओतायचीही. डॉक्टर म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जलवाहिनीत सतत दाब असला की बाहेरची घाण फटींतून आत ओढली जात नाही; वाहिनी रिकामी झाली की ओढली जाते. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती. त्यामुळे घरोघरी ॲप आले म्हणून रस्त्याखालच्या गळक्या वाहिन्यांचा जाब विचारणे थांबवू नये.

आता एक इशारा, कारण चांगल्या सवयीचाही अतिरेक होतो. आकडा खाली आणायच्या नादात हात धुणे कमी करू नका; साबण लावताना नळ बंद ठेवा, इतकेच. पिण्याच्या पाण्यात कपात तर अजिबात नको. मुतखड्याच्या रुग्णाने दिवसाला अडीच-तीन लिटर प्यावे असे आम्ही सांगतो, त्या पाण्याचा घरच्या हिशेबात हिस्सा नगण्य असतो. (हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचे ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.) आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅटनिहाय यादी टाकू नका. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आजी असते, कोणाकडे तान्हे बाळ, कोणाला जुलाब लागलेले. त्यांची चादर दिवसातून दोनदा धुवावी लागते आणि ते कोणाला सांगायचे नसते. तुलना करायची तर इमारतीच्या सरासरीशी, ज्याची त्याला खासगीत कळवावी. पाण्याचा तासातासाचा आलेख घर कधी रिकामे असते हेही सांगतो, याचा विचार ॲप घेताना करावा.

आरओ यंत्राबद्दल हमखास विचारतात. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकणारी यंत्रे घरोघरी आहेत. ज्या पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले होते. धरणाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. बोअर किंवा टँकरचे पाणी असेल तर तपासून घ्या. यंत्र असलेच, तर त्याची बाहेरची नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशीला आणि संडासाला चालते.

सुरुवात करायची तर आठवड्यातला एक वार ठरवा. आरोग्य विभाग जो 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो, तोच घ्या. पिंपे रिकामी होत आली असताना मीटर वाचा, आकडा लिहा, मग पिंपाच्या आतली भिंत घासा आणि त्यापुढच्या रकान्यात बरोबरची खूण करा. चार आठवड्यांनी तक्ता पाहा. दोन दिवसांना किती लिटर खरोखर लागतात ते कळले, की बाल्कनीतले जास्तीचे पिंप उपडे करून ठेवता येईल.