पुण्याच्या नावाचे खनिज

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये इमारतीचा पाया खणताना काळा दगड लागतो, तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना अशा दगडात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून काही ठिकाणी पांढरे स्फटिक वाढले. त्यांतले बरेचसे झिओलाइट गटातले, म्हणजे अंगी पाणी बाळगणारे ॲल्युमिनियमचे सिलिकेट असतात. असा दगड वर्गात आला की विद्यार्थी विचारतात, “याचे नाव काय?” प्रश्न साधा, उत्तर किती अवघड, ते पूनालाइटच्या हकिकतीवरून कळते.

पुण्याच्या दगडातील सुईसारखे पांढरे स्फटिक इंग्लंडला पोचले. हेन्री जेम्स ब्रूक या स्फटिकशास्त्रज्ञाने १८३१ साली ते नवे खनिज मानून त्याला पुण्यावरून ‘पूनालाइट’ नाव दिले. त्या काळी स्फटिकाच्या पृष्ठांमधील कोन मोजणे हे खनिज ओळखण्याचे मोठे साधन होते. पण सुईसारख्या झिओलाइटांचे हे कोन एकमेकांच्या फार जवळचे असतात. नॅट्रोलाइटमध्ये सोडियम असते, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम आणि मेसोलाइटमध्ये दोन्ही. म्हणून तर ग्रीक ‘मेसोस’, म्हणजे मधला, यावरून त्याचे नाव पडले. नुसत्या डोळ्यांनी तिघांत फरक करणे कठीण. अखेर १९०९ मध्ये एच. एल. बोमन यांनी पूनालाइट म्हणजे मेसोलाइटच, असे दाखवून दिले. मेसोलाइट हे नाव आधीचे, म्हणून ते टिकले. पूनालाइट रद्द झाले.

असे इतरत्रही घडले आहे. विरल मृत्तिका असलेल्या एका सिलिकेटाला बर्झेलियस यांनी १८१८ मध्ये ‘ऑर्थाइट’ म्हटले होते. ते आधीच नाव मिळालेले ॲलनाइट निघाले.

पुण्याचे नाव यादीतून गेले याची खंत वाटेल. पण खनिजाचे नाव हा आपला त्या वेळचा अंदाज असतो; तो चुकू शकतो. दगड कोठे सापडला, ही नोंद मात्र बदलत नाही, आणि तिच्या आधारेच पुढच्यांना फेरतपासणी करता येते. म्हणून शाळेच्या संग्रहातील प्रत्येक दगडाच्या चिठ्ठीवर आधी ठिकाण आणि तारीख शाईने लिहून घेऊ या. खनिजाचे नाव पेन्सिलीने लिहिले तरी चालेल.