लघवीची नळी आणि औषधाचे दिवस

दुकानात तराजूचा काटा किंचित झुकला, तरी आम्ही व्यापारी लोक तो तत्काळ दुरुस्त करतो. परंतु घरी रुग्णास औषध देताना मात्र दिवसांचे माप अंदाजाने धरतो. इंद्रवेल्ली येथे आमच्या घरी असेच घडले. वडील बंधूंना लघवीची नळी घातली होती. थंडी वाजून ताप भरला, तेव्हा डॉक्टरांनी सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या 'पुढे उपयोगी पडतील' म्हणून आम्ही फडताळात ठेवल्या. आठवड्याभरात ताप परत आला. चूक सर्वस्वी आमची होती. त्यानंतर जे समजून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

नळी असेपर्यंत जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. दर दिवशी शंभरांतील सुमारे ३ ते ८ रुग्णांच्या लघवीत ते नव्याने दिसू लागतात. नळीवर त्यांचा चिकट थर बसतो व त्यात औषध नीट पोहोचत नाही. म्हणून गरज संपताच नळी डॉक्टरांकडून काढवून घेणे, हाच पहिला उपाय होय. ती दोन आठवड्यांहून जुनी असून अद्यापि आवश्यक असेल, तर बदलावी आणि नव्या नळीतूनच लघवी तपासणीस द्यावी.

तपासणीत नुसते जंतू आढळले, परंतु ताप, थंडी, कुशीतील वेदना अशी लक्षणे नसली, तर बहुधा औषध लागत नाही. गर्भवती स्त्रिया व मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाचे रुग्ण हे त्यास अपवाद.

आता दिवसांविषयी. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार, लवकर उतार पडल्यास ७ दिवस आणि उशिरा पडल्यास १० ते १४ दिवस औषध द्यावे. पासष्ट वर्षांपर्यंतच्या स्त्रीस नळी काढल्यानंतर त्रास झाला व ताप, कुशीतील वेदना नसल्या, तर ३ दिवसही पुरू शकतात. रुग्ण पाहून आकडा ठरविणे हे डॉक्टरांचे काम. आपले काम तो पाळण्याचे.

औषध मध्येच सोडल्यास रोग उलटतो. विनाकारण लांबविल्यास औषधास न जुमानणारे जंतू तेवढे उरतात व पुढे तेच औषध निरुपयोगी ठरते. अशा औषधांच्या पाकिटावरील तांबड्या रेघेचा अर्थ सांगण्यासाठी भारत सरकारने २०१६ साली मोहीम काढली. ती रेघ दिसली, की चिठ्ठीवाचून गोळी घेऊ नये, शेजाऱ्यास देऊ नये आणि आमच्यासारखी फडताळातही ठेवू नये, एवढीच विनंती.